शपथ कोणी घ्यावी?

दरवर्षी २६ जूनला आमच्या शाळेत दोन कार्यक्रम लागोपाठ होतात. आधी राजर्षी शाहू महाराजांची जयंती आणि मग अमली पदार्थविरोधी दिन. शाळा उघडून जेमतेम दहा-बारा दिवस झालेले असतात. वह्यांना अजून कोऱ्या कागदाचा वास येत असतो. नगर जिल्ह्याच्या (आता त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे, पण जिभेला जुने वळण आहे) दक्षिणेकडील आमच्या गावावर पाऊस आला तर आलेला असतो, नाही तर नुसतेच ढग येऊन जातात. मी या शाळेत चित्रकलेचा मास्तर आहे. मॅट्रिक झालो, चित्रकलेची पदविका घेतली आणि इथे चिकटलो. रात्री कादंबऱ्या लिहितो. तेव्हा व्यसनविरोधी चित्रे मुलांकडून काढून घ्यायची आणि व्हरांड्यातल्या दोरीवर टांगायची, हे काम ओघानेच माझ्याकडे आले आहे.

ही चित्रे बहुतेक एका साच्यातली असतात. एक कवटी, तिच्याखाली फुलीसारखी दोन हाडे, शेजारी बाटली, बाटलीतून डोके काढणारा नाग आणि कोपऱ्यात पदराने डोळे टिपणारी बाई. काही वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलाने मात्र निराळेच चित्र काढले. त्यात कवटी नव्हती, नागही नव्हता. एक उघडे दप्तर होते, आणि त्यात भूगोलाच्या व गणिताच्या वह्यांमध्ये वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक चपटी होती. कागद एका बाजूने फाटला होता आणि त्यातून बाटलीचा खांदा दिसत होता. तो खांदा, झाकणावरचे बारीक दाते, तिरके चिकटवलेले लेबल, सारे इतके अचूक होते की वीस वर्षे वस्तुचित्र शिकवणाऱ्या मलाही ते तसे साधले नसते. मी विचारले, “अरे, हे इतकं हुबेहूब कसं जमलं तुला?” तो म्हणाला, “रोज आणतो ना सर.” सारा वर्ग हसला.

मला वाटले, पोरगा उर्मट आहे. मी त्याला सगळ्यांसमोर उभे केले, “आज आणतोस, उद्या पिशील,” असे म्हणालो, आणि त्याचे चित्र दोरीवर टांगले नाही. मग मैदानावर शपथ झाली. मी समोर उभा राहून एकेक वाक्य सांगत होतो आणि मुले हात पुढे करून ते म्हणत होती. त्या मुलाचाही हात पुढे होता. पण त्याची नजर माझ्या तोंडाकडे नव्हती, सदऱ्याच्या खिशाकडे होती. खिशात माझी तंबाखूची डबी होती. त्या डबीत भरायची पुडी चारच दिवसांपूर्वी, मधल्या सुट्टीत, मी त्याच्याच हाती टपरीवरून आणवली होती. बापासाठी चपटी आणणारा आणि मास्तरासाठी पुडी आणणारा मुलगा एकच होता, आणि त्याच्याकडून शपथ घेणारा मी होतो.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे. मुलांना व्यसनापासून दूर ठेवण्यासाठी गाव धडपडते, शाळा धडपडते, सरकारही आपल्या परीने धडपडते. हे सारे योग्यच आहे. पण या खटाटोपात शपथ नेमकी कोणी घ्यायची असते? आणि ती दुसऱ्याकडून घेण्याचा अधिकार कोणाला कशाने मिळतो?

आमच्याकडे मुलांचे व्यसन बाटलीपासून क्वचितच सुरू होते. बहुधा ते माव्यापासून सुरू होते. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यात घेऊन तळहाताखाली रगडला, की मावा तयार. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली. पण माव्याला ना कंपनी ना छाप, त्यामुळे तो टपरीवर हातानेच होत राहिला. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकू नये, अठरा वर्षांखालच्यांना तर विकूच नये, असा कायदा २००३ साली झाला. ते शंभर यार्ड आमच्या पोरांना पावलांनी मोजून ठाऊक आहेत. माव्यानंतर मग कुणाच्या तरी लग्नाची वरात, कुणाची यात्रा, ढाब्यावरचा वाढदिवस. आणि दहावी-अकरावीच्या वयात पहिला घोट पोटात गेलेला असतो.

कोणी म्हणेल, सज्ञान माणसाने स्वतःचे वाटोळे करून घ्यायचे ठरवले तर त्याला अडवणारे आपण कोण? हा युक्तिवाद मी हसण्यावारी नेत नाही. माणसाला चुकण्याचेही स्वातंत्र्य असावे, नाही तर त्याच्या चांगुलपणाला मोल उरत नाही. पण हा युक्तिवाद एकट्या माणसाला लागू पडतो, आणि खेड्यात एकटा माणूस सहसा नसतोच. चपटी आणायला कोणाला तरी जावे लागते. रात्री दार उघडायला कोणाला तरी जागावे लागते. बापाचे स्वातंत्र्य मुलाच्या दप्तरातून घरी येत असेल, तर तो प्रश्न त्या बापापुरता राहत नाही. इथपर्यंत माझ्या मनात शंका नाही. शंका पुढे सुरू होते. अडवायचे, पण कसे?

या प्रश्नाचे एक उत्तर आमच्याच जिल्ह्याने दिले आहे, आणि ते साऱ्या देशाने ऐकले आहे. पारनेर तालुक्यातले राळेगणसिद्धी हे एके काळी दुष्काळाने आणि हातभट्टीने पिचलेले गाव. किसन बाबूराव हजारे, म्हणजे सर्वांचे अण्णा, सैन्यातली नोकरी संपवून १९७५ च्या सुमारास गावी परतले. आपल्या गाठीचे पैसे घालून त्यांनी यादवबाबांच्या पडक्या मंदिराचा जीर्णोद्धार केला आणि तिथेच मुक्काम ठेवला. भोवती तरुण मंडळ जमले. मंदिरात बसून गावाने दारू बंद करण्याचा ठराव केला. तीसहून अधिक भट्ट्या त्यांच्या मालकांनी आपणहून मोडल्या; ज्यांनी मोडल्या नाहीत, त्यांच्या तरुण मंडळाने मोडल्या. पुढे होळीच्या दिवशी विडी, सिगारेट आणि तंबाखू त्या होळीत गेली, आणि दुकानांतून त्यांची विक्री थांबली. एवढ्यावरही जे पिऊन येत, त्यांना खांबाला बांधून अण्णांनी आपल्या लष्करी पट्ट्याने फोडून काढले. ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. आजारी लेकराला आई कडू औषध बळेच पाजते, ती काय त्याच्या द्वेषाने, असा त्यांच्या समर्थनाचा आशय असे.

हा पट्टा माझ्या मनात वर्षानुवर्षे वाजत आला आहे. मी त्याच्या बाजूनेही विचार केला आहे आणि विरुद्धही. एकदा आमच्या गावातल्या एका बाईपाशी मी हा विषय काढला. तिचा नवरा पितो, ती कांद्याच्या खुडणीला जाते. मी आपला न्याय-अन्याय सांगत होतो. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “सर, तुम्ही चांगलं-वाईट तोलीत बसा. माझं पोरगं रातच्याला उंबऱ्यात बसून बापाची वाट बघतंय. त्या टायमाला कुणी त्याला खांबाला बांधला असता, तर दोरी मीच दिली असती.” तिला मला उत्तर देता आले नाही. आजही येत नाही. ज्याच्या पाठीवर मार बसतो त्याची कीव करताना, ज्यांच्या पाठीवर तो रोज बसत आला त्यांना विसरणे, ही सुखवस्तू माणसाची दया असते.

तरीही मला त्या खांबाजवळच्या गर्दीत आणखी एक माणूस उभा दिसतो. कादंबरी लिहिणाराला ही खोडच असते. बांधलेल्या माणसाचा मुलगा त्या गर्दीत असला तर? त्या दिवशी तो काय शिकेल? दारू वाईट, हे तो शिकेल का? ते तर त्याला उंबऱ्यात बसूनच कळलेले असते. तो शिकेल ते एवढेच, की त्याच्या बापाची लाज आता साऱ्या गावाच्या मालकीची झाली. भीतीने राखलेली शुद्धी पहारेकरी जागा असेतोवर टिकते. आणि लाजेने तर ती तेवढीही टिकत नाही, कारण लाज बुडवायला माणूस पुन्हा त्याच बाटलीकडे जातो. हे लिहिताना माझा हात जरा थांबला, कारण आठवीच्या वर्गात मी जे केले ते याहून निराळे नव्हते. माझ्याजवळ पट्टा नव्हता, जीभ होती. खांब नव्हता, बाक होता.

मग राळेगण बदलले ते कशाने? नुसत्या मारानेच गावे सुधारत असती, तर महाराष्ट्रात एकही गाव बिघडलेले राहिले नसते. मारणारे हात आपल्याकडे उदंड आहेत. मला वाटते, पट्ट्याची गोष्ट सांगायला चटकदार म्हणून ती सर्वदूर गेली, आणि तिच्याआधीची गोष्ट मागे राहिली. ज्याने ठराव मांडला त्याने आधी आपली पुंजी गावाच्या मंदिरात घातली होती. ठराव सर्वांनी मिळून, देवासमोर बसून केला होता. त्यात तरुणांना संशयित म्हणून बोलावले नव्हते, कामकरी म्हणून बोलावले होते. पुढे त्याच गावाने श्रमदानाने शाळा उभारली आणि इतरत्र नापास झालेल्या, ज्यांना कोणी दारात उभे करत नाही अशा मुलांना तीत आधी घेतले. मला विचाराल तर व्यसनमुक्तीचे सर्वांत मोठे काम त्या प्रवेशाच्या वहीत झाले असेल. वाया गेलेला म्हणून ज्याच्या कपाळी शिक्का बसतो, तो मुलगा टपरीच्या आडोशाला जातो. कारण तिथे त्याला कोणी गुण विचारत नाही.

आमच्याच जिल्ह्यातले दुसरे गाव हिवरे बाजार. तिथेही दारूचे गुत्ते गावभर होते; सरकारी नोकरांना तिथली बदली शिक्षेसारखी वाटे. पोपटराव पवार हा क्रिकेट खेळणारा, वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी घेतलेला तरुण तिथे सरपंच झाला, आणि गावाने जी पंचसूत्री धरली तीत नशाबंदीच्या शेजारी चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नसबंदी आणि श्रमदान होते. म्हणजे दारूला एकटी गाठून मारले नाही. डोंगरावर चर खणले, पाणी अडवले, विहिरींना पाणी आले, पोटासाठी बाहेर गेलेली कुटुंबे परत आली. संध्याकाळी बापाला शेतातून घरी यायला काही कारण असले, तर मुलाच्या दप्तरातली जागा वह्यांना मोकळी होते.

आणि या दोन गावांच्या कितीतरी आधी, विदर्भात, डेबू नावाचा एक मुलगा होता. त्याचे वडील झिंगराजी दारूपायी अकाली गेले. हा मुलगा मोठा झाला, संसाराला लागला, आणि त्याच्या मुलीच्या बारशाला जातगंगेला दारू-मटणाचे जेवण घालण्याची वेळ आली. त्याने गोड जेवण वाढले. लोक रागावले, नावे ठेवली. त्याने ऐकून घेतले. पुढे हाच डेबू गाडगेबाबा झाला. हाती खराटा घेऊन त्याने आधी गाव झाडले आणि मग रात्री कीर्तनात लोकांना दारू सोडा म्हणून सांगितले. पट्टा आणि खराटा यांतला फरक मला इथे दिसतो. पट्टा दुसऱ्याच्या पाठीवर चालतो. खराटा चालवताना आपली पाठ वाकवावी लागते.

याचा अर्थ कायदा नको असा नाही. महाराष्ट्रात २००८ च्या आदेशान्वये गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर दुकान बंद होते. बायकांच्या हाती याहून चांगले हत्यार क्वचितच आले असेल. अण्णांच्याच आग्रहाने २०१६ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ग्रामरक्षक दलांची तरतूद झाली. मुलाच्या हाती नशेचा पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड, असे २०१५ चा बालन्याय कायदा सांगतो. पण कायदा दुकानाच्या दारात उभा राहतो, आणि मूल शिकते ते घरात, पारावर, मांडवात. २०१७ साली जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या तोंडावर आमच्याच तालुक्यांच्या शेजारी, पांगरमलला, जेवणावळीत विषारी दारू वाटली गेली आणि माणसे मेली. साऱ्या जिल्ह्याने हळहळ केली, ती दारू विषारी होती म्हणून. ती विषारी नसती, तर त्या जेवणावळीबद्दल कोण बोलले असते? मत मागणारा पाजतो आणि मत देणारा पितो, हे ज्या पोराने पाण्याचे जग वाहता वाहता पाहिले, त्याला २६ जूनला आम्ही शपथ देतो!

दूर उत्तर ध्रुवाजवळच्या आइसलँड नावाच्या चिमुकल्या देशाची हकीकत मी वाचली, तेव्हा मला आमचे मैदान आठवले. तिथे १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांची शंभरातली बेचाळीस मुले, गेल्या महिन्यात आपण दारू पिऊन झिंगलो होतो, असे सांगत. २०१६ पर्यंत तो आकडा पाचावर आला. त्यांनी मुलांना कवट्या दाखवण्याचा नाद सोडला. खेळ, संगीत, नृत्य यांच्यासाठी पैसा ओतला, मुलांनी रात्री किती वाजेतो बाहेर राहावे याचे नियम पाळायला लावले. आणि करारावर सह्या घेतल्या त्या आईबापांच्या. आपण अल्पवयीनांसाठी दारू विकत आणणार नाही, मुलांबरोबर वेळ घालवू, एकमेकांच्या मुलांवरही लक्ष ठेवू, अशा त्या कराराच्या ओळी. श्रीमंत देशाचे सारेच आपल्याला झेपणारे नाही. पण सहीला पैसे पडत नाहीत.

इथे एक अडचण येते आणि ती मी टाळू इच्छित नाही. ज्याचा हात स्वच्छ त्यानेच शपथ द्यावी असे म्हटले, तर शपथ द्यायला उरेल कोण? आमच्या शिक्षकांच्या खोलीत त्या वर्षी तीन डब्या होत्या. ग्रामपंचायतीची गोष्ट काढायलाच नको. सगळे गाव आधी साधू होऊ दे आणि मग मुलांना वळण लावू, असे म्हणत बसलो तर तोवर ती मुले बाप झालेली असतील. निष्कलंकतेची अट घालणे हा पुष्कळदा काही न करण्याचाच सभ्य मार्ग असतो. खूप विचारान्ती मला असे वाटू लागले आहे, की मुलाला निष्कलंक माणूस लागत नाही. तो त्याला भेटला तरी परका वाटेल. त्याला लागतो तो त्याच्याआधी, त्याच्यादेखत उतरणारा माणूस. विहिरीत पोहायला शिकवणारा काठावर उभा राहून सूचना देत नाही; आधी स्वतः पाण्यात जातो आणि मग हात पुढे करतो. तो उत्तम पोहणारा असलाच पाहिजे असे नाही. तो पाण्यात असला पाहिजे.

पुढच्या वर्षी आम्ही मुलांची शपथ बंद केली आणि पालकांना बोलावले. साडेतीनशे मुलांच्या शाळेत साठ-पासष्ट माणसे आली, त्यांत बाया अधिक. शपथ एका वाक्याची ठेवली: मुलाच्या हाती पुडी नाही, बाटली नाही, पैसेही नाहीत. दारू सोडा असे आम्ही म्हटले नाही, कारण ते कोणी पाळले नसते. स्वतःच्या पायाने जाऊन आणा, एवढेच म्हटले. आधी मी उभा राहिलो. डबी टेबलावर ठेवली आणि मी मुलांकडून तंबाखू आणवत होतो हे सांगितले. मागून एकजण हसला. एक प्रतिष्ठित गृहस्थ महत्त्वाचा फोन आल्याचे सांगून निघून गेले. बाकीच्यांनी हात पुढे केले. काहींनी अर्धवट, कोपरापासून. दुसऱ्या दिवशी मी टपरीवाल्याकडे गेलो आणि मुलांना काही देऊ नको म्हटले. तो म्हणाला, “मास्तर, पोरं तुमच्याच नावानं मागायची. आता नाव कुणाचं सांगतील?” त्याने देणे बंद केले असे मी म्हणणार नाही. कमी केले. गावातल्या दोन बापांना चपटीसाठी स्वतः जावे लागते आणि वाटेत माणसे भेटतात म्हणून त्यांचे जाणे थोडे रोडावले, असे त्यांच्या बायका सांगतात. याहून मोठे यश माझ्याजवळ सांगायला नाही.

तो मुलगा दहावीनंतर शाळा सोडून मोटारसायकलच्या गॅरेजात लागला. गेल्या पावसाळ्यात माझी गाडी बंद पडली, तेव्हा ती ढकलत मी त्याच्याच दारात गेलो. प्लग साफ करीत असताना मी त्याला म्हणालो, “त्या दिवशी वर्गात मी चुकलो होतो. चित्र चांगलं होतं तुझं.” तो वर न पाहता म्हणाला, “कोणतं चित्र सर?” त्याला खरेच आठवत नव्हते की त्याने मला सोडवले, हे मला कळले नाही. मग हात पुसत त्याने विचारले, “डबी सुटली का?”

मी म्हणालो, “सुटली. मध्ये पुन्हा धरली होती. पुन्हा सोडली.”

तो हसला. वर्ग हसला होता तसे ते हसणे नव्हते. पैसे मात्र त्याने पुरे घेतले.

ते चित्र अजून माझ्या कपाटात आहे. येत्या २६ जूनला ते दोरीवर टांगावे असे मनात आहे. त्याने हो म्हटले तर. त्याला विचारल्यावाचून ते टांगण्याचा अधिकार मला नाही, एवढे तरी मी शिकलो आहे.